ठकू कासारणीच्या बोलावण्याची कहाणी

ऐका, चैत्रगौरीबाई, तुमची कहाणी. एक आटपाट गाव होतं. नगर म्हणावं इतकं मोठं नव्हतं, खेडं म्हणावं इतकं लहान नव्हतं. गावाला वेस होती, वेशीबाहेर नदी होती. चैत्र लागला की नदीत पाणी थोडं आणि वाळू फार. त्या गावात एक कासार राही. त्याच्या बायकोचं नाव ठकू. कासार बाजारातून बांगड्या आणी, ठकू घरोघर जाऊन भरी. कुणाचा हात मऊ, कुणाचा कडक, कुणाला हिरवा चुडा हवा, कुणाला राजवर्खी, सगळं तिला पाठ. चैत्रात घरोघर गौर बसे. मग ठकूला दम खायला वेळ नसे. उभ्याउभ्या पन्हं पिई, पुढल्या घरी जाई.

एके वर्षी काय झालं, कासार तापानं आजारी पडला, आठव्या दिवशी गेला. पोटी मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला, मग धाकटा दीर आला. त्यानं बांगड्यांचा पेटारा उचलला. म्हणाला, वहिनी, आता तुमच्या हातून कुणी बांगडी भरून घेणार नाही. खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी तिची धाकटी जाऊ बयजा पेटारा डोक्यावर घेऊन गावात निघाली. ठकूनं तिच्याशी बोलणं टाकलं.

मग पहिला चैत्र आला. गावच्या बायका नटल्या, हळदीकुंकवाला निघाल्या. ठकू दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसली. बायका पुढून गेल्या, परत आल्या, ओटीत भिजवलेले हरभरे होते. शेजारणीनं कैरीच्या डाळीची वाटी पाठवली. दुसरा चैत्र आला. ठकू दार अर्धं लोटून आत बसली. पैंजण वाजले, हसणं ऐकू आलं, पुढं गेलं. शेजारणीची वाटी आली. तिसरा चैत्र आला. ठकूनं दाराला कडी घातली. वाटी आली ती खिडकीतून घेतली. वाटी दर वर्षी येई, बोलावणं येत नसे. डाळ चांगली असे. ठकू एकटी चुलीपुढं बसे, दोन घास खाई, वाटी धुऊन पालथी घाली.

त्याच चैत्राच्या आरंभी एकदा ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दार वाजलं. बाहेर एक म्हातारी उभी. म्हणाली, बाई गं, पाणी दे, घटकाभर सावलीला बसू दे. ठकूच्या मनात आलं, मला कुणी बसवलं होतं? तिनं कडी काढली नाही. खिडकीतून तांब्या दिला, खिडकीतून परत घेतला. म्हातारी म्हणाली, पाणी मिळालं बाई, तोंड काही दिसलं नाही. आणि उन्हात चालू लागली.

त्या दिवसापासून ठकूच्या माठातलं पाणी गार होईना. गावभर माठ पाझरत, ठकूचा माठ कोरडा ठणठणीत. पाणी प्यावं तर तोंड पोळावं. ठकूनं नवा माठ आणला, तोही तसाच. तिसरा आणला, त्याखाली ओली वाळू घातली, वर ओलं फडकं गुंडाळलं. पाणी कोमटच. मग ती माठ घेऊन कुंभारणीकडे गेली. कुंभारणीनं माठ वाजवून पाहिला, आत हात घालून पाहिला. म्हणाली, माती चांगली, भाजणी चांगली. ह्यातलं पाणी कोण कोण पितं? ठकू म्हणाली, मी पिते. आणखी कोण? मग ठकूला म्हातारीची आठवण झाली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. माठ तिथंच टाकला, म्हातारीला शोधायला निघाली.

पाराशी गेली, पारावर नाही. देवळाशी गेली, देवळात नाही. नदीवर गेली, तो म्हातारी वाळूत हातानं झरा उकरत बसलेली. ठकूनं तिचे पाय धरले. म्हणाली, आजीबाई, चुकले. मी दार उघडलं नाही. म्हातारी म्हणाली, ये, बस, पाणी येतंय. दोघींनी वाळू उकरली, ओंजळ ओंजळ पाणी आलं. पाणी प्याल्यावर म्हातारी म्हणाली, तुला वसा सांगते. उतशील, मातशील? ठकू म्हणाली, मी कशानं उतू? माझ्यापाशी आहेच काय?

"तर ऐक. चैत्राचे तीन शुक्रवार धरावे. घरात गौर मांडावी, पन्हं करावं, कैरीची डाळ वाटावी. मग उठावं, आपल्या पायांनी जावं. गाव जिला कामाला बोलावतं आणि बसायला बोलावत नाही, तिच्या दारात उभं राहून तिचं नाव घ्यावं. तिला घरी आणावं, पाटावर बसवावं, ती बोलेल तेवढं ऐकावं. तिसऱ्या शुक्रवारी, जिचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही, तिला बोलवावं."

ठकू म्हणाली, आजीबाई, मला हळदीकुंकवाचा अधिकार नाही. म्हातारी म्हणाली, मी कुंकू कुठं सांगितलं? मी बोलावणं सांगितलं. ठकूनं पाणी प्यायला मान खाली घातली, वर पाहिलं तो वाळूत कुणी नाही.

पहिला शुक्रवार आला. ठकूनं गौर मांडली. मग वेशीबाहेर वीटभट्टीवर गेली, खोपटापाशी उभी राहून सकू म्हणून हाक मारली. परमुलखातून आलेली सकू वीट थापत होती. मागं वळून पाहिलं, आपल्यालाच का म्हणून. हात धुऊन आली, ठकूच्या उंबऱ्याशी थांबली. ठकूनं तिला पाटावर बसवलं. सकू म्हणाली, तीन उन्हाळे झाले, माझ्या विटा गावात सगळ्या घरांना लागल्या, घराच्या आत मी आज आले. पन्हं हळूहळू प्याली.

दुसरा शुक्रवार आला. ठकू हलीमाबी सुईणीच्या दारात गेली. हलीमाबीनं विचारलं, कुणाच्या पोटात दुखतंय? ठकू म्हणाली, कुणाच्या नाही, बसायला चला. हलीमाबी आली ती तिन्हीसांजेपर्यंत उठली नाही. कोण पायाळू जन्मलं, कोण रडलंच नाही, कुणाच्या बापाला घेरी आली, सगळं सांगितलं. ठकू तीन वर्षांनी हसली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

मग तिसरा शुक्रवार आला. ठकूनं डाळ वाटली, पन्हं केलं. बयजाच्या दारात गेली, हाक मारली. आतून ओ आली नाही. परत आली, गौरीपुढं बसली, पुन्हा गेली. दीर बाहेर आला, म्हणाला, ती घरात नाही. आत बांगड्या वाजत होत्या. ठकू परत आली. तिसऱ्यांदा गेली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "बयजा, मी पेटारा मागायला आले नाही. माझ्या घरी बसायला ये."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बयजा बाहेर आली. तिच्या बोटांना काचांचे चरे पडले होते, पदर खांद्यावर विटला होता. दोघी चालत आल्या. ठकूनं पाट मांडला, डाळ वाढली. बयजा खाईना. म्हणाली,

"अक्का, तीन चैत्र मी घरोघर जाते. गावातला प्रत्येक हात धरते. मला कुणी बस म्हटलं नाही. मला वाटे, तुम्हाला म्हणत होते, मलाच म्हणत नाहीत."

ठकू म्हणाली, "मलाही कुणी म्हटलं नव्हतं गं. तेव्हा कामात होते, कळलं नाही."

मग दोघी रडल्या. मग दोघी जेवल्या. बयजानं माठात तांब्या बुडवला, पाणी प्याली, म्हणाली, किती गार आहे.

अक्षय्य तृतीया झाली. गौर पाण्यात पोचवली. गावात कुणी नावं ठेवली, कुणी ठेवली नाहीत. दोन घरांतून ठकूला बोलावणं आलं, बाकीच्यांतून नाही आलं. ठकूनं हिशेब धरला नाही. ती आणि बयजा मिळून सकूला भेटायला भट्टीवर गेल्या, तर भट्टी विझलेली, खोपट मोडलेलं, सकूची माणसं आपल्या मुलखाला निघून गेलेली. ठकू तिथं उभी राहिली, तरी नाव घेऊन हाक मारली. वारा आला, राख उडाली. बयजानं तिचा हात धरला. दोघी घरी आल्या.

गौरीबाई ठकूला पावली. तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या दाराची कडी आतून लागलेली न राहो, कुणाचं नाव जिभेवर अडून न राहो. ज्या बाईला आज कुणी हाक मारली नाही, तिच्या दारात एकीचे तरी पाय वळोत. ही कहाणी लांबून निघाली, थोडक्या बोलांत पोचली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.