हसत हसत ‘नको’

एकदा एक तरुण शिक्षक आपल्या वृद्ध गुरुजींना मोठ्या हौसेने स्वतःचा बालवर्ग दाखवायला घेऊन गेला. दारातच वर्गातल्या जुईचा हात धरून तिची आई उभी होती. “सर, पोरगी शाळा नको म्हणून रोज सकाळी पोट धरून बसते,” ती म्हणाली. “तो बलभीम तिला सारख्या गुदगुल्या करतो म्हणे. हे असंच चालणार असेल, तर मी शाळेतून तिचं नाव काढते.”

शिक्षक मंद हसला. शहाणी माणसे हसतात तसे. “अहो ताई, मुलांची मस्ती ती! आणि जुई तर खदखदून हसत असते. आवडत नसतं, तर हसली असती का?”

आईने लेकीचा हात सोडला नाही.

गुरुजींनी उपरणे खुंटीला अडकवले आणि काही कळायच्या आत शिष्याच्या दोन्ही बगलांत बोटे घातली! शिक्षक किंचाळला, वाकला, खुर्चीत कोसळला. “पुरे, गुरुजी! हा हा... नको! नको ना!” सारा वर्ग टाळ्या पिटू लागला. गुरुजी मात्र थांबेनात. “तू तर हसतो आहेस की रे! म्हणजे आवडतंय तुला!”

अखेर ते थांबले, तेव्हा शिक्षक लालबुंद झाला होता. त्याला रागही आला होता. पण तो दाखवायची सोय नव्हती, कारण सगळ्यांनी त्याला हसताना पाहिले होते.

“क्षमा कर,” गुरुजी शेजारी बसत म्हणाले. “हसू अंगातून आपोआप फुटतं, त्याला मनाची संमती लागत नाही. तुझं ‘नको’ सर्वांना ऐकू आलं, पण हसण्यापुढे कुणी ते मानलं नाही. जुईचं रोज हेच होतं.”

शिक्षकाने मान खाली घातली. “मग बलभीमला शिक्षा करू?”

“कशाला? त्याला वाटतं, आपण मैत्रिणीला हसवतोय.” गुरुजी बलभीमकडे वळले. “काय रे, पकडापकडीत कुणी ओठांना मूठ लावून ‘टाइमप्लीज’ म्हटलं, तर काय करायचं?”

“थांबायचं. शिवायचंच नाही.”

“आणि तो हसत असला तर?”

“तरी पण! टाइमप्लीज म्हणजे टाइमप्लीज!” बलभीमला या आजोबांच्या अज्ञानाची कीव आली.

“बघ,” गुरुजी शिष्याला म्हणाले, “कायदा यांच्याकडे आहेच. तो मैदानातून वर्गात आण. पाळला जातो की नाही, हे बघणं मात्र तुझं काम.”

शिक्षकाने लगेच वर्गाला तसा नियम सांगितला, तेव्हा कुठे आई जुईला सोडून गेली. मधल्या सुट्टीत बलभीमची बोटे सवयीने जुईकडे निघाली. हसू आधीच फुटल्यामुळे तिला बोलता येईना, पण तिने मूठ ओठांना लावली. बलभीम दोन्ही हात वर करून जागच्या जागी थांबला.

“टाइमप्लीज कधी सुटणार?” त्याने विचारले.

“सांगेन,” जुई म्हणाली आणि निवांत डबा खाऊ लागली.

शाळा सुटताना शिक्षकाला अगदी भरून आले. कौतुकाने तो जुईचा गाल ओढायला वाकला. जुईने त्याच्याकडे पाहिले आणि चिमुकली मूठ ओठांवर ठेवली.

शिक्षकाचा हात हवेतच थांबला. “चुकलो, जुईबाई,” तो म्हणाला आणि त्याने हात मागे घेतला.

न्यायला आलेल्या आईने दारातून ते पाहिले. मग तिने लेकीला विचारले, “उद्या डब्यात काय देऊ गं?”