ठकूबाईची पायरी

फार फार वर्षांपूर्वी, घाटाखालच्या कुंभेखोलच्या ओढ्यावर अजून साकवही नव्हता, तेव्हा त्या गावात ठकूबाई नावाची हाडवैदीण राहत होती. झाडावरून पडलेला असो, बैलाने उडवलेला असो, तिच्या ओट्यावर उचलून आणलेला माणूस आपल्या पायांनी घरी जायचा. दुखऱ्या जागी ती नुसती बोटं ठेवायची आणि हाड कुठे सरकलंय ते तिला कळायचं. हाडं तिच्याशी बोलायची, असं म्हणतात.

तिच्याकडे पिवळी नावाची मांजरी होती. बारा वर्षं तिने माळ्यावरचं बियाण्याचं भात उंदरांपासून राखलं. मग एका वर्षी पिवळी माळ्यावर चढेनाशी झाली. दिवसभर चुलीपाशी पडून राहायची, उचलायला गेलं की फिसकारायची. उंदरांनी कणगी पोखरली आणि ऐन पेरणीला निम्मं बी गेलेलं. ठकूबाईला राग आला. फुकटचं खायला सोकावली, म्हणत तिने पिवळीला टोपलीत घातलं आणि ओढ्यापलीकडच्या रानात सोडून आली.

नवव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पिवळी उंबऱ्याशी. एवढा ओढा ओलांडून आली होती, पण उंबरा काही तिला चढवेना. ठकूबाईने तिला उचललं आणि तिची बोटं मागच्या खुब्यावर पडली. आत हाडावर हाड घासत होतं, जात्यात खडा अडकावा तसं. ठकूबाई तिथेच खाली बसली. बारा वर्षं त्या पाठीवरून तिने रोज हात फिरवला होता, पण तो नुसता लाडाचा.

शेजारची भिमाकाकू म्हणाली, "मुकं जनावर गं ते. कण्हलं नाही, तर तुला कसं कळावं?"

"माणसांचं मला न सांगता कळतं," ठकूबाई म्हणाली. "हिला मी विचारलंच नाही."

तिसऱ्या प्रहरी पिवळीने तिच्या मांडीवर जीव सोडला.

त्यानंतर पंचक्रोशीतली लंगडी, आखडलेली मांजरं आपापली चालत तिच्या अंगणात येऊ लागली आणि वाटेवरचे कुत्रेसुद्धा बाजूला व्हायचे, असं म्हणतात. मोडलेला पाय ती बांबूच्या कामट्यांनी बांधायची, सांधे कोमट भुशाच्या पुरचुंडीने शेकायची. तेल कधी लावायची नाही, मांजर ते चाटतं. पण झिजलेला सांधा तिच्या हातूनही पुन्हा नवा होत नसे. मग ती घरधन्याला सांगायची, माळ्याखाली एक दगड ठेव, मांजराला दोन टप्प्यांत चढू दे. तो दगड आपल्याला वेळेवर का सुचला नाही, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. कुणी तिचे गुण गाऊ लागलं की ती उठून आत जायची.

आजही कुंभेखोलात घरोघरी माळ्याखाली एक दगड असतो. त्याला ठकूबाईची पायरी म्हणतात. पेरणीचं बी खाली काढतात त्या दिवशी घरची बाई आधी मांजराच्या पाठीवरून, खुब्यांवरून सावकाश हात फिरवते. ज्या घरी मांजर नाही, तिथे सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "दुखतं का?"

म्हातारी माणसं बहुतेक नाहीच म्हणतात. तरी हात लगेच उचलायचा नसतो, असं ठकूबाई सांगून गेली, असं म्हणतात.