देवाच्या दाराचे सांधे

सहजगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा निंबदऱ्याच्या मठात होता. तिथल्या दत्तमंदिराचे जुने दार वाळवीने पोखरले होते. गावाने सागाच्या फळ्या दिल्या आणि नव्या दाराची सेवा महाराजांनी तुळाजी पांचाळांकडे सोपवली. तुळाजी मोठे भाविक. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरे, पटाशी धरवत नसे. जावयाने दिलेल्या विजेच्या मशीनने ते फळ्यांच्या कडांना खाचा पाडीत आणि खाचांत सरस लावलेल्या लाकडी चिपा बसवून फळीला फळी जोडीत.

तालुक्याच्या विश्राम मिस्त्रींना हे काम हवे होते. ते मंडपात सर्वांदेखत म्हणाले, "ज्याला जेवताना घास सांभाळत नाही, तो देवाचं दार करणार!" लोक हसले. तुळाजी मान खाली घालून उभे राहिले.

दार बसवायचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या आरतीला ते उघडायचे होते. सरस लावण्याआधी तुळाजींनी फळ्या नुसत्याच जुळवून पाहिल्या. एक फळी वर, दुसरी खाली. बोट फिरवावे तिथे पायरी लागत होती. रंधा मारून सपाट करावे, तर दार पातळ होणार. दुसरे लाकूड गावात नव्हते. त्यांनी चिपा काढल्या, पुन्हा घातल्या, फळ्या ठोकून पाहिल्या. ऊन माथ्यावर आले, तरी पायरी हटेना.

शेवटी ते मठात जाऊन महाराजांच्या पायाशी बसले. "महाराज, माझ्यामुळे देव उघड्यावर राहणार. विश्राम मिस्त्रींना बोलवा."

महाराज त्यांच्याबरोबर मंडपात आले. फळ्यांवरून हात फिरवून म्हणाले, "तुळाजी, यांची तोंडं कुठल्या बाजूला?"

तुळाजी चमकले. दर्शनी बाजूवर खूण करायचीच राहिली होती. खाच फळीच्या जाडीच्या अगदी मध्यावर नव्हती, त्यामुळे खाच पाडताना उलटलेल्या फळीची खाच वरखाली झाली होती. महाराजांनी मशीनच्या तळाला बोट लावले. बोटावर भुशाचा थर आला. "आणि हिचं आसन असं का डुगडुगतं?" तुळाजींनी घाईघाईने भुसा पुसला, ढिला पडलेला आधार आवळला, प्रत्येक फळीच्या दर्शनी बाजूला खडूने खूण केली. जुन्या खाचांशेजारी आता नव्या खाचा पाडायच्या होत्या.

पहिलीच खाच पडत असताना मशीन बंद पडले. मंडपाच्या मागच्या बाजूला, फजिती पाहायला आलेल्या विश्राम मिस्त्रींनी मीटरपेटीतला फ्यूज काढून खिशात घातला होता.

तुळाजींनी बटण पुन्हा पुन्हा दाबले. त्यांचे डोळे भरून आले. "लाईट गेली, महाराज. आता काही होत नाही."

महाराजांनी त्यांच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला. "दत्ताचं नाव घे आणि बटण दाब."

मशीन घुमू लागले. मंडपातला पंखा मात्र थांबलेलाच होता. तुळाजींचे लक्ष तिकडे नव्हते. ते नाम घेत एकेक खाच पाडत गेले आणि हात हलला नाही.

आवाज ऐकून विश्राम धावत आले. त्यांनी स्थिर पंख्याकडे पाहिले, खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता. फ्यूज महाराजांपुढे ठेवून ते कसेबसे म्हणाले, "हा मी काढला होता."

"ते मग पाहू," महाराज म्हणाले. "सरस लावायचाय. त्याच्या हातात जोर नाही, तुझ्या आहे. क्लॅम्प आवळ."

विश्राम घाम पुसत, फळ्या दाबून धरणारे क्लॅम्प आवळीत राहिले. फळ्या बरोबर जुळल्या, बोटाला पायरी लागली नाही. आरतीच्या वेळी दार बिजागरीवर हलकेच फिरले आणि दत्तमूर्ती दिव्यांच्या उजेडात दिसली. विश्राम मिस्त्रींनी आधी महाराजांचे पाय धरले. मग ते तुळाजींकडे वळले. तुळाजी मागे सरत होते, "अहो, मला कशाला," म्हणत होते. पण मिस्त्रींनी तो अधू हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकले.