मोकळ्या राज्यातली बंद पुडी

"सगुणा, माझा मोकळा संगणक कुणी बाटवला?" महाराज उदयभान कडाडले.

सगुणा राजवाड्याच्या कचेरीत धान्याच्या चिठ्ठ्या छापायची. चिठ्ठी दाखवली की लोकांना कोठारातून धान्य मिळायचं. महाराजांना मोकळेपणाचं भारी वेड. ज्या सॉफ्टवेअरच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येईल, बदलता येईल, तेवढंच त्यांच्या राज्यात चालायचं. पण कचेरीतला प्रिंटर मोठा हट्टी! संगणकात त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तो कागद ओढत नसे, आणि त्याच्या आत काय आहे ते बनवणारा सांगत नसे.

"मीच घातलं, महाराज. त्याच्यावाचून प्रिंटर हलतच नाही."

"शिव शिव," म्हणत दरबारी मंडळींनी कानाला हात लावले. त्यांतल्या एकालाही संगणक चालू करता येत नव्हता.

"चार दिवसांत राजवाड्यातली बंद कृतीची, आत काय आहे ते कळू न देणारी एकूण एक वस्तू बाहेर काढ," महाराज म्हणाले. "आणि त्याच प्रिंटरवर चिठ्ठ्याही छापून दे. नाही जमलं तर लेकीला घेऊन वेशीबाहेर हो."

सहा महिन्यांची पोर घेऊन जायचं कुठे? पण सगुणा एवढंच म्हणाली, "एकूण एक ना, महाराज? तसं लिहून द्या."

महाराजांनी ऐटीत शिक्का मारून दिला.

चौथ्या दिवशी कोठारापुढे पिशव्या घेऊन रांग लागली. चिठ्ठी एकही छापलेली नव्हती. महाराज दरबारात आले तेच पोट धरून. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"चिठ्ठ्यांचं मागाहून बघू," ते कण्हले. "आधी माझी चूर्णाची पुडी कुणी पळवली ते सांगा. तीन दिवस झाले!"

"मी नेली." सगुणाने शिक्क्याचा कागद पुढे केला. "वैद्यबुवा, त्या चूर्णात काय काय घालता हो?"

वैद्यबुवा ताठ झाले. "छे छे, सात पिढ्यांचं गुपित आहे ते. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही."

"ऐकलंत, महाराज? कृती बंद. मग ठेवणार कशी?"

"अगं, पण त्याच्यावाचून माझं पोट..." महाराज अडखळले.

"मोकळं होत नाही," सगुणाने वाक्य पुरं केलं. "महाराजांचं पोट मोकळं व्हायला बंद पुडी चालते. मग माझ्या मोकळ्या संगणकाला एक बंद पुडी दिली, तर तो बाटला कसा? तुमचं एकट्याचं अडलंय, बाहेर तर सगळ्या गावाचं पोट अडलंय."

महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे खदाखदा हसले की पोटात गुडगुडायला लागलं. पुडीची वाट न बघता, मुकुट तिथेच टाकून, महाराज धावत सुटले.

परतले ते हसतमुखाने. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सगुणाच्या लेकीला दिलं.

"घाल तुझ्या प्रिंटरला पुडी, आणि छाप चिठ्ठ्या. आजपासून कचेरी तुझ्या हाताखाली. आणि वैद्यबुवा, चूर्णाची कृती उद्या वेशीवर लिहून लावा. मोकळेपणाची सुरुवात माझ्या पोटापासून होऊ दे."

तेव्हा मात्र वैद्यबुवांच्या पोटात दुखायला लागलं.