नकार हरवलेला राजा

त्रेतायुग नुकतेच लागले होते. धर्माचा एक पाय लंगडत होता खरा, पण उरलेल्या तिन्हींवर तो अजून ताठ उभा होता. लिपी जन्माला यायची होती. दिलेला शब्द हाच लेख, आणि तो ऐकणारा कान हीच राजमुद्रा. अशा त्या काळी हिमवंताच्या पायथ्याशी मंदस्विनी नावाची महानदी वाहत असे. तिच्या दक्षिण तीरावर मालिंद देश, उत्तर तीरावर देवदारांच्या निबिड वनाने वेढलेला सौरंध देश, आणि मध्ये प्रवाहात एक बेट. त्याचे नाव सामद्वीप.

दरवर्षी शरद ऋतूत दोन्ही देशांचे राजे शस्त्रे आपापल्या तीरावर ठेवून या बेटावर भेटत. गाई कोणाच्या कुरणात शिरल्या, देवदार कोणी तोडले, मासे कोणाचे, सगळे तंटे तिथे निघत. पहिल्या दिवशी समोरच्याच्या प्रत्येक मागणीला ‘नाही’ म्हणायचे, असा तिथला शिष्टाचारच होता. अहो, जणू व्याह्यांचीच बैठक ती! रुसणे, फुगणे, उठून जाण्याचा आव आणणे, आणि चौथ्या दिवशी तूपभाताच्या पंगतीत एकमेकांना आग्रहाचे घास. अशा रीतीने दोनशे वर्षांत त्या नदीत रक्ताचा थेंब पडला नव्हता.

मालिंदाचा तरुण राजा ऋतकेतू याने सौरंधाच्या सुवर्चा राजाची कन्या अनुमती हिला मागणी घातली, तीही याच बेटावर. पुराण सांगणाऱ्याने हसू नये, पण नाव अनुमती असलेली ती कन्या भर बैठकीत ‘नाही’ म्हणाली. ‘ज्याला स्वतःचेच बोलणे गोड लागते, त्याच्या घरी मी काय ऐकत बसू?’ असे तिने वर विचारले. ऋतकेतू त्या उत्तरावरच भाळला. पुढल्या शरदात तो पुन्हा आला, त्याने निमूट बसून तिचे ऐकले, आणि ती त्याची झाली. संसारातही तिचा बाणा तोच. ‘हा किरीट मला शोभतो ना?’ ‘नाही.’ ‘आज मृगयेला जाऊ ना?’ ‘मुळीच नाही, सभेत जा.’ राजा खळखळून हसे. त्या नकारांच्या आधारावरच आपले घर उभे आहे, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नाही.

पुढे त्याच्या मनात आले की सामद्वीपावर दुर्ग बांधावा. सभेतील ऐंशी वृद्ध एकमुखाने म्हणाले, ‘महाराज, नाही. बैठकीच्या जागी बुरूज उभा राहिला की बैठक मोडली.’ पत्नीचे ‘नाही’ गोड लागत होते, सभेचे विषासारखे लागले. राजेलोकांची जीभ अशीच! ऋतकेतू तडक अरण्यात गेला आणि सात वर्षे वायू भक्षण करून एका पायावर उभा राहिला. त्याच्या तपाच्या ज्वाळा सत्यलोकाला पोचल्या, तेव्हा हंसारूढ ब्रह्मदेव प्रकट होऊन म्हणाले, “वत्सा, प्रसन्न झालो. अमरत्व सोडून काहीही माग.”

“पितामह,” ऋतकेतू म्हणाला, “अमरत्व मागणाऱ्यांची कोण गत झाली ते मी ऐकून आहे. माझे मागणे लहान आहे. माझ्या कानी पडेल असा नकार कोणाच्याही मुखातून निघू नये. मग तो मानव असो, दानव असो वा देव.”

“तथास्तु!” देवांना वर देण्याची मोठी घाई. शब्द सुटला आणि त्यातला अनर्थ ब्रह्मदेवांना दिसला. ‘नाही रे, हे नको’ असे म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, तर चारांपैकी एकाही मुखातून तो शब्द फुटेना. बिचारे आल्या वाटेने निघून गेले.

राजा परतला. पहिले वर्ष मोठ्या थाटात गेले, हे सांगितलेच पाहिजे. जे काम करायला सभा वर्ष घेई, ते एका प्रहरात होऊ लागले, आणि लोक म्हणू लागले, ‘याला म्हणतात राज्यकारभार!’ मग राजाने विचारले, “सामद्वीपावरची बैठक आजपासून बंद, होय ना?” वृद्धांच्या जिभा थिजल्या, त्यांच्या तोंडून शब्द आला तो ‘होय’. काहींनी मान हलवून विरोध केला. पुढल्या सभेत त्या माना दिसल्या नाहीत. बाकीचे घरी बसू लागले, तेव्हा घरी बसणे हा राजद्रोह ठरला. बेटावर बुरूज चढला. ज्यांनी पहिल्या वर्षी टाळ्या पिटल्या होत्या, ते आता दारे लावून कुजबुजू लागले, पण वेळ टळून गेली होती.

आणि अनुमती? एके सायंकाळी ऋतकेतूने तिला विचारले, “प्रिये, मी तुला अजून प्रिय आहे ना?”

“होय.”

तो थबकला. तिने हे प्रेमाने म्हटले की वराच्या बळाने, हे त्याला कळेना, आणि आता ते कधीही कळणार नव्हते. “माझ्याशी एकदा पूर्वीसारखी भांड ना,” तो आर्जवाने म्हणाला.

“होय, आर्यपुत्र,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. भांडायला लागणारा शब्दच तिच्यापाशी उरला नव्हता. राजाला रडू कोसळेल असे वाटले, पण रडत बसेल तो राजा कसला! तो उठून सेनापतीकडे गेला.

बेटावर बुरूज पाहून सुवर्चाने शालंकायन ऋषींना दूत म्हणून पाठवले. तपाने कृश, वाणीने स्पष्ट, असा तो वृद्ध ब्राह्मण ऋतकेतूसमोर उभा राहिला.

“ऋषिवर, हे बेट मालिंदाचेच, होय ना?”

“होय,” ऋषी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. त्यांनी जोराने मान हलवली. राजा शेजारच्याला म्हणाला, “वार्धक्याने मान कापते हो त्यांची.”

ऋषी रडत उत्तर तीरावर आले. “राजन्, मी नाही म्हणत होतो! नाही, नाही, त्रिवार नाही!”

सुवर्चा कडाडला, “इथे तर जीभ चांगली चालते! तिथेच काय दातखीळ बसली होती? काय दिले जावयाने तुम्हाला?” तपोबळाने उमगलेली ब्रह्मदेवाच्या वराची हकीकत ऋषींनी शपथेवर सांगितली. सुवर्चाने ऐकून घेतली नाही. त्याने दुसरा दूत पाठवला, तो दक्षिणेकडले कुरण देऊन आला. तिसरा पाठवला, तो अर्धे देवदारवन देऊन आला. तिघांनाही फितूर ठरवून सुवर्चाने म्हटले, “आता दूत कसले? आता बाण.” इकडे ऋतकेतूला वाटत होते, शब्द देऊन सौरंधाने फिरवला. दोघेही मनापासून संतापले होते, हेच तर दुर्दैव.

सैन्य तीरावर जमले, तेव्हा ऋतकेतू राणीकडे आला. “मी तुझ्या माहेरावर चालून जातो आहे. तुझी संमती आहे ना?” तिने ओठ रक्त येईपर्यंत चावले. तरी त्या रक्तातून ‘होय’ बाहेर आलेच.

फितूर ठरलेले शालंकायन आता दक्षिण तीरावर आश्रयाला आले होते; ती त्यांच्या पायांवर पडली. “मुनिवर, एकच शब्द. तो एकदा त्यांच्यापर्यंत पोचू द्या. ते मला ओळखतात, ते थांबतील. एका बाजूला माझे वडील आहेत आणि दुसऱ्या बाजूला माझे सर्वस्व. मी कोणासाठी रडू ते तरी सांगा!”

ऋषी म्हणाले, “बाळे, त्याला ऐकू जाईल तिथे तो शब्द तुझ्या मुखातून निघणार नाही. आणि जिथे निघेल, तिथून त्याला ऐकू जाणार नाही.”

तरीही ती नाव घेऊन बेटावर गेली. दोन्ही सेनांच्या देखत ती बुरुजाखाली उभी राहिली आणि ओरडू पाहू लागली. आवाज फुटेना. ती एक पाऊल मागे सरली, मग दुसरे, मग दहा. आणि बेटाच्या पार उत्तर टोकाला, पाण्यात कमरेपर्यंत उतरल्यावर तिच्या कंठातून ‘नाही!’ असा आकांत निघाला. तिथे मंदस्विनीच्या गर्जनेने तो गिळून टाकला. दक्षिण तीरावरून ऋतकेतूला तिचे उंचावलेले हात तेवढे दिसले. ती आपल्याला विजयाचा आशीर्वाद देते आहे, असे त्याने मानून घेतले आणि खड्ग उचलले. शेकडो नावा सुटल्या. पलीकडूनही सुटल्या. त्या बेटापाशीच एकमेकींवर आदळल्या.

तीन वर्षे युद्ध चालले. बाणांनी सूर्य झाकला, गजांच्या प्रेतांनी नदीला बांध पडले, अग्न्यस्त्राने सौरंधाचे देवदारवन मुळापासून जळाले. सुवर्चा पडला. ऋतकेतू जिंकला, जिंकला म्हणजे काय, तर राखेचा धनी झाला. राणीचा पत्ता लागला नाही.

तो ज्याला त्याला विचारत सुटला. नावाड्यांना विचारले, “ती जिवंत आहे ना?” ‘होय, महाराज.’ रणातल्या विधवांना विचारले, “ती परत येईल ना?” ‘होय, महाराज.’ तपस्व्यांना विचारले, पुत्र गमावलेल्या मातांना विचारले. ‘होय’, ‘होय’, ‘होय’. पृथ्वीवर असा एकही प्राणी नव्हता, की ज्याच्या ‘होय’वर त्याला टेकता येईल.

शेवटी तो एकटाच मंदस्विनीच्या तीरावर आला. वन जळून गेल्यामुळे पलीकडचा प्रचंड काळा कडा आता उघडा पडला होता. वन होते तोवर हाक त्यात मुरून जाई. ऋतकेतूने ऊर फुटेस्तोवर हाक मारली, “अनुमती, परत येशील ना?”

कड्यावरून उत्तर आले, “ना… ना… ना…”

राजा गुडघ्यांवर कोसळला. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्याशी खरे बोलले होते. तो लहान लेकरासारखा रडला, आणि रडून झाल्यावर त्याने पुन्हा विचारले.

तेव्हापासून त्या कड्याला नकारकडा म्हणतात. कड्याला मुख नाही, म्हणून ब्रह्मदेवाचा वर त्याला बांधत नाही. तिथले नावाडी सांगतात की शरदात धुके उतरले की अजून दक्षिण तीरावरून एक हाक येते. उत्तर ऋतकेतूला ठाऊक आहे. तरी तो विचारतो, कारण तिच्या तोंडचा तेवढाच एक शब्द त्याला पुन्हा ऐकायचा आहे.