पहिला मान

एका गावात एक पंचायत होती आणि तिला एकाच गोष्टीचा गर्व होता. तिथं प्रत्येक ठराव एकमतानंच व्हायचा. हात वर करून मोजणी कधी झालीच नव्हती. शेजारच्या गावांत ग्रामसभा म्हटली की खुर्च्या उडत, इथं शेवटी चहा होई. सरपंच रायाजीराव पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, "आमच्या गावाला दोन तोंडं नाहीत."

खरं म्हणजे दुसरं तोंड होतं, पण ते मागं बसवलेलं होतं. देवळाच्या मंडपात पुढं म्हातारे, त्यांच्यामागं कर्ते पुरुष आणि खांबांच्या पलीकडं बायका. बाईला काही म्हणायचं असलं तर तिनं ते पुढच्या माणसाच्या कानात सांगायचं, त्यानं त्याच्या पुढच्याच्या. सरपंचाच्या कानाशी पोचेपर्यंत त्या बोलण्याची सगळी धार गेलेली असे.

त्या वर्षी पंचायतीला एक मोठं काम करता येणार होतं. एकच. कोणतं ते माघातल्या ग्रामसभेनं ठरवायचं होतं.

दोन कामं पुढं आली. एक, मसणवटीत पक्की शेड, तिथवर सिमेंटचा रस्ता, पाण्याचा नळ आणि दिवा. दुसरं, ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाणाऱ्यांपुरता लहानसा पूल. ओढ्याच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत गावाचीच एक वाडी होती. घरं थोडी. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीची वाट तुटायची. मग गावात यायचं तर वर चढून, ओढा जिथं उगम पावतो तिथून वळसा घालून, मसणवटीच्या मागच्या अंगानं खाली उतरायचं. धडधाकट माणसाचाही त्यात अर्धा दिवस मोडे.

वाडीतली तानूबाई आणि तिची सून रेश्मा सभेला आल्या होत्या. रेश्माला दिवस होते. आदल्या पावसाळ्यातही होते. तेव्हा ती अडली म्हणून तिला डोलीत घालून ओढ्यापर्यंत आणली, आणि पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर बसले. पाणी उतरलं तोवर पोटातलं लेकरू गेलं होतं. आता दुसरी खेप, आणि तीही पुन्हा पावसाळ्यातच.

तानूबाईनं कानात सांगायची रीत मोडली. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "साकव करा. माझी सून श्रावणात बाळंत होणार. वढा कुणासाठी थांबत न्हाई."

कोणी हसलं नाही. तेवढी माणुसकी त्या गावात होती. पण रायाजीरावांचंही एक दुखणं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांचे वडील भर पावसात वारले होते. उघड्यावर चिता पेटेना. रायाजीराव आणि त्यांचे भाऊ दिवसभर चितेवर पत्रे धरून उभे राहिले, तरी ती विझत होती. बापाची अशी आबाळ डोळ्यांनी बघितलेला माणूस ती विसरत नाही. इथं छप्पर करीन, असं त्यांनी त्याच दिवशी मनात धरलं होतं.

ते म्हणाले, "आक्का, तुझं दुःख मला कळतं. पण साकव वाडीपुरता. मरण कुणाला चुकलंय? शेड सगळ्यांची. ज्यावर सगळ्या गावाचं एकमत, ते काम आधी."

म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. पाठोपाठ वाडीच्या माणसांनीही डोलवल्या, कारण त्यांना याच गावात राहायचं होतं. "कुणाचा विरोध?" असं विचारलं तेव्हा तानूबाईचा स्वतःचा मुलगा जमिनीकडं बघत राहिला. ठराव एकमतानं झाला. चहा आला. तानूबाईनं आपला कप तसाच ठेवला.

शेड सुरेख झाली, खोटं कशाला बोलायचं. उंच चौथरा, लोखंडी खांब, वर निळा पत्रा, बाजूला बसायला कट्टे, भोवती जाळीचं कुंपण आणि फाटक. गावात कोणाच्या परसात नाही असा नळ तिथं आला. रस्ता तर असा की जिवंत माणसाला हेवा वाटावा. गावातले खड्डे चुकवत यायचं आणि मसणवटीची वाट लागली की पाय सरळ पडायचे.

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. तोवर रायाजीरावांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली. त्या दिवसांत गावात कोणी दगावलंही नाही. मग पारावर चेष्टा सुरू झाली, शेडचा पहिला मान कुणाचा? गावात सगळ्यात वडील जोत्याजी आबा. शेडचा आग्रहही सगळ्यात जास्त त्यांचाच.

"आबा, पहिला मान तुमचा. गाव वाट बघतंय," कोणीतरी म्हणे.

"बघू दे की," आबा म्हणत. "मला कुठं यष्टी गाठायचीय?"

श्रावण लागला. ओढा दोन्ही काठांना लागून वाहू लागला. एका सकाळी रेश्माला कळा सुरू झाल्या.

तानूबाईनं या वेळी ओढ्याकडं ढुंकून बघितलं नाही. तिनं गावातल्या नर्सबाईला फोन लावायला सांगितला. नर्सबाई म्हणाली, "मसणवटीपर्यंत आणा. तिथवर रस्ता चांगला आहे, मी जीप घेऊन येते." चौघांनी रेश्माला डोलीत घातलं. वाट निसरडी, चढ उभा. डोंगर चढून उतरेपर्यंत दुपार झाली आणि पाऊस झोडपायला लागला.

डोली मसणवटीच्या मागं उतरली. जीप अजून आली नव्हती. रेश्मानं डोलीचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आत्या, आता न्हाई दम निघत."

समोर निळा पत्रा होता. त्याखाली कोरडा चौथरा होता. आणि फाटकाला कुलूप होतं.

डोली धरणाऱ्यांपैकी एकजण रायाजीरावांच्या घराकडं पळत सुटला. तिथं ओसरीवर पंच आणि म्हातारे जमले होते. पाहुण्यांना फेटे कोणत्या रंगाचे बांधायचे, यावर बोलणं चाललं होतं.

"किल्ली द्या," तो दारातूनच म्हणाला. "रेश्मा मसणवटीत अडलीय. डोक्यावर पाऊस हाय."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मग एक पंच म्हणाला, "बाळंतपण? मसणात?"

दुसरा म्हणाला, "अजून उद्घाटन व्हायचंय. पाहुण्यांना काय सांगायचं?"

तिसरा हळूच म्हणाला, "असली जागा, आणि तिचा पहिला मान असा? गावाला त्याचं काय भोगावं लागंल, कुणी सांगावं. सगळ्यांचं एकमत असंल तरच उघडा, सरपंच."

रायाजीरावांचा हात कमरेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. माणूस दुष्ट नव्हता. पण सगळ्यांनी मान डोलवल्याशिवाय एकही काम त्यांनी आजवर केलं नव्हतं, आणि आता एकही मान डोलत नव्हती.

जोत्याजी आबा काठी टेकत उठले. "पहिला मान माझा ना?"

"तुमचाच, आबा," तिघेही म्हणाले. म्हणायची सवय होती.

"मग माझी जागा मी त्या पोरीला दिली. माझ्या मानाचं मी काय करायचं त्याला तुमचं एकमत कशाला पाह्यजे?" आबा रायाजीरावांकडं वळले. "रायाजी, मी मेलो तर थांबीन. दिवसभर थांबीन. मेल्या माणसाला कसली घाई? ते लेकरू थांबंल का?"

रायाजीराव किल्लीची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. त्यांनी करदोटाच तोडला आणि पावसात धावले. मागून म्हातारे निघाले, ज्याला जसं जमेल तसं. कोणी घोंगडी घेतली, कोणी छत्री.

फाटक उघडलं. रेश्माला चौथऱ्यावर घेतलं. तेवढ्यात त्या सिमेंटच्या रस्त्यानं जीपही आली. नर्सबाईनं नळावर हात धुतले आणि चारी बाजूंना बघितलं. वारा सुटला होता आणि पाऊस आडवा आत येत होता. मेलेल्याला आडोसा लागत नाही, म्हणून भिंती कोणी मागितल्याच नव्हत्या.

"आडोसा करा," नर्सबाई म्हणाली. "आणि कोणी इकडं बघायचं नाही."

मग पंच आणि म्हातारे चौथऱ्याभोवती पाठ करून उभे राहिले. घोंगड्या, छत्र्या, धोतराचे सोडलेले सोगे, जे होतं ते त्यांनी वर धरलं. ज्यांनी जन्मभर बायकांचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या आणि रेश्माच्या मधे आता कोणीच नव्हतं. रेश्माचं ओरडणं सरळ त्यांच्या कानात येत होतं.

रायाजीरावांचे हात भरून आले. घोंगडी भिजून जड झाली होती. असेच पत्रे धरून आपण इथं उभे होतो, हे त्यांना आठवलं. तेव्हा आग विझू नये म्हणून धरले होते.

घोंगडीच्या मागून तानूबाई बोलली. ओरडून नव्हे, अगदी सरळ. "रायाजी, मरण कुणाला चुकलंय, म्हणालास सभेत."

"होय, आक्का."

"मग जन्म कुणाला चुकला होता? तू काय पारावर सापडलास?"

रायाजीरावांना मागं वळता येत नव्हतं आणि घोंगडी खाली सोडता येत नव्हती. ते भिजत उभे राहिले.

मग रेश्माचा आवाज थांबला. दुसरा आवाज काही येईना. नर्सबाई काहीतरी करत होती, तेवढी तिच्या बांगड्यांची हालचाल ऐकू येत होती. आदल्या वर्षी ओढ्याच्या काठावर बसलेले वाडीचे चौघे एकमेकांकडंसुद्धा बघेनात.

आणि लेकरू रडलं. असं रडलं की वरचा पत्रा घुमला.

"मुलगी आहे," नर्सबाई म्हणाली. "दोघी चांगल्या आहेत."

आबा कट्ट्यावर बसले. पटक्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं, पाऊस होता म्हणून डोळे पुसलेले कळले नाहीत. "चला," ते म्हणाले, "मान गेला एकदाचा. आता मी मोकळा."

पुढची ग्रामसभा त्याच मंडपात भरली. रायाजीरावांनी हाक मारली, "आक्का, तू आज पुढं येऊन बस."

"मी कशाला उठू?" तानूबाई खांबापलीकडून म्हणाली. "मी हितनंच बोलते. तुम्ही तोंडं फिरवा."

सगळी सभा वळून बसली. म्हाताऱ्यांना पाय सावरायला जरा वेळ लागला, पण वळले.

त्या दिवशी रायाजीरावांनी "कुणाचा विरोध?" असं विचारलं नाही. प्रत्येक कामाला त्यांनी एकच विचारलं, "हे झालं न्हाई, तर कुणाचा जीव अडंल?" वेशीवर कमान हवी होती, तिच्या नावावर कोणाला उत्तर सुचलं नाही. पाराभोवती फरशी हवी होती, तिचंही तसंच झालं. साकवाचं नाव निघालं तेव्हा रेश्मानं मांडीवरची मुलगी नुसती खांद्यावर घेतली. तरी दोघातिघांनी विरोध केलाच. वाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं त्यांनी तोंडावर म्हटलं, आणि तानूबाईनं त्यांना तोंडावरच ऐकवलं. गावात पहिल्यांदाच हात मोजले गेले. चहा पार गार झाला. एकमत मोडलं आणि साकव झाला.

पुढच्या वर्षी श्रावणात जोत्याजी आबा वारले. पाऊस तसाच झोडपत होता. निळ्या पत्र्याखाली आबांची चिता एकदा पेटली ती विझली नाही. रायाजीराव बाजूला हात जोडून उभे होते. त्या दिवशी कोणाला काही धरून उभं राहावं लागलं नाही. आणि ओढा भरून वाहत असतानाही सगळी वाडी साकवावरून आली. रेश्माची डोली वाहणाऱ्या चौघांनीच आबांना खांदा दिला.

तानूबाई आणि रेश्माही मुलीला घेऊन फाटकातून आत आल्या. एक पंच दबक्या आवाजात म्हणाला, "आक्का, बायका मसणात येत नसतात."

तानूबाईनं नातीच्या डोक्यावर धरलेला आपला पदर सारखा केला. "आमची पोर हितं जन्मली," ती म्हणाली. "हे तिचं आजोळ हाय. आजा गेला, तर यायला नको?"

तात्पर्य: ज्याला सगळ्यांच्या माना डोलतात तेच काम आधी करायचं असं नाही. ज्याच्यावाचून एकाचा का होईना जीव अडतो, ते आधी करावं. मेलेलं माणूस थांबतं, जन्माला येणारं थांबत नाही.