सुभद्राबाईंच्या नावाची ओळ

एकदा एका गुरुकुलात वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्यावर एक काम सोपवले. वर्धापनदिनी गुरुकुलाच्या हितचिंतकांचा सत्कार व्हायचा होता आणि प्रत्येकाला नावानिशी निमंत्रणपत्र जायचे होते. शिष्य संगणकात तरबेज. मजकूर सर्वांना एकच, नावे तेवढी यंत्र यादीतून उचलून घालणार. त्याने आधी स्वतःचे नाव घालून पाहिले: हरी नेने. वेलबुट्टीच्या चौकटीत ते अगदी नेमके बसले. तो नमुना त्याने कौतुकाने भिंतीवर डकवला आणि उरलेली पत्रे न पाहताच पाकिटांत भरली. आपणच आपल्यावर खूश झालो, की तपासायचे कोणी?

काही दिवसांनी एक म्हातारी काठी टेकत आली. सुभद्राबाई विश्वंभर पिंपळगावकर. गुरुकुलातल्या मुलांना त्या वर्षानुवर्षे गोधड्या शिवून देत. त्यांच्या पत्रात ‘सुभद्राबाई विश्वंभर’ एवढेच चौकटीत मावले होते. आडनाव तुटून खाली ‘सस्नेह निमंत्रण’ या शब्दांवर जाऊन आदळले होते.

“बाबा, शेजारची पोरं वाचताना हसली,” त्या म्हणाल्या. “आमचं नावच मेलं लांबलचक. तुम्हाला उगाच त्रास. मी नाही आले तरी चालेल हो.”

“ओळ यंत्र तोडतं, आजी. त्याला मी काय करणार?” शिष्य म्हणाला.

आचार्य दारात उभे होते. त्यांनी आजींचे पत्र घेऊन कपाळाला लावले. मग भिंतीवरचा तो सुबक नमुना काढला आणि शांतपणे फाडला.

शिष्य गोंधळला. “गुरुजी, बिघडलेलं पत्र ठेवलंत आणि बरोबर होतं तेच फाडलंत?”

“बिघाड त्यातच होता,” आचार्य म्हणाले. “तू सर्वांचे माप स्वतःच्या नावाने घेतलेस. आपल्या उंचीचे दार करायचे आणि ज्याचे डोके आपटेल त्यालाच उंच म्हणून दोष द्यायचा, तसे हे झाले. आणि पाहा, डोके आपटले त्यांचे, वर क्षमाही त्यांनीच मागितली.”

मघाशी ती क्षमा शिष्याने ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजींकडे मान वर करून पाहण्याची त्याची हिंमत होईना.

त्याने चौकट काढून टाकली, नावाला स्वतंत्र, पूर्ण ओळ दिली आणि या वेळी आधी सुभद्राबाईंचे नाव घालून पाहिले. मग एकेक पत्र डोळ्यांखालून घातले. त्याचे स्वतःचे नावही त्या ओळीत सुखाने बसले. शेजारी थोडी मोकळी जागा उरली, इतकेच.

नवे पत्र घेऊन तो स्वतः आजींच्या घरी गेला.

“बसलं का रे बाबा, माझं नाव?” त्यांनी विचारले.

“बसलं, आजी. नाव लांब नव्हतंच. मीच जागा कमी ठेवली होती.” तो खाली बघतच म्हणाला. “तुम्ही यायचंच.”

“येईन की!” आजींनी पत्र देवापाशी ठेवले आणि त्याच्यापुढे गूळपाणी ठेवले.